सुध्याला पत्र

मिरज, रविवार

प्रिय सुध्या,

ऑपरेशनला आज सव्वीस दिवस झाले. दोन्ही मूत्रपिंडं काढली. निरोगी मूत्रपिंड मुठीएवढं, दीडशे ग्रॅमच्या आसपास असतं. माझी दोन्ही मिळून साडेपाच किलो भरली. सगळीकडे पाण्याच्या गाठीच गाठी, पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात या आजाराला. पोट सुटलंय म्हणून तुम्ही सगळे मला चालायला लावत होतात ना, ते हे होतं. आता पायजम्याची नाडी वीतभर जास्त लोंबते.

एरवी निकामी मूत्रपिंडं आतच ठेवतात. पण माझ्या गाठींत वारंवार रक्तस्राव व्हायचा, ताप यायचा, आणि उद्या नवीन मूत्रपिंड मिळालं तर ते बसवायला जागाच नव्हती. आता लघवी अजिबात नाही. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस. दिवसभरात पाऊण लिटर पाणी, त्यात चहा-आमटीही आली. हे सोसतं रे. सवय होते.

सोसलं नाही ते ताईचं. मला मूत्रपिंड द्यायचं म्हणून ती इचलकरंजीहून पहाटेच्या एसटीनं उपाशीपोटी आली. सोनोग्राफीत तिच्याही दोन्हीकडे गाठी निघाल्या. तिनं पहिलं काय विचारावं? "म्हणजे मला देता येणार नाही का रे?" तिचं रक्तातलं क्रिएटिनिन अजून चांगलं आहे, म्हणजे मूत्रपिंडं काम करतायत, पण त्या दिवशी मी रडलो. अण्णा बावन्नाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, 'बीपीनं गेले' असंच आपण म्हणत आलो. या आजारात बीपीही वाढतं आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगाही येऊ शकतो. आमच्या घरात हे तेव्हापासूनच असणार.

आता खरं काम सांगतो. आईबापांपैकी एकाला हा आजार असला, की प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. ही म्हणते, केतनचं लग्न ठरेपर्यंत गप्प बसा. मला ते पटत नाही. आत्ता कळलं तर बीपी ताब्यात ठेवता येईल, मीठ कमी करता येईल, गरज पडली तर आजाराची गती कमी करणारं औषधही आहे. मला हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं, तोवर मूत्रपिंडांचं निम्मं काम गेलं होतं. आणि पुढं मुलीकडच्यांना कळलं तर कळू दे. लपवून आणलेली सून माझ्या घरात नको.

केतन दोन महिने नुसता "बघू" म्हणतोय. घाबरलाय तो. माझ्याशी बोलत नाही, पण तुझं ऐकतो. पुढच्या रविवारी त्याला जेवायला बोलाव आणि सोमवारी सकाळी सोनोग्राफीला तू स्वतः घेऊन जा. त्याला एकट्याला पाठवू नकोस. काही खाऊ देऊ नकोस, पण पाणी भरपूर प्यायला लाव. तांब्याभर तरी.

तुझा,
बाळ्या