फडावर गेलेली मुलंही मोजलीत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

आमच्या मुलांच्या वाचनावरचा तुमचा पीएच.डी.चा प्रबंध सादर झाल्याचं कळलं. अर्थशास्त्र विभागात त्याचं जे कौतुक व्हायचं ते होईलच. पण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांमधल्या आम्हा जिल्हा परिषद शिक्षकांना तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत. तुमच्या आधी जे येऊन गेले, त्यांच्यावरचा राग अजून निवलेला नाही, म्हणून तर जास्तच.

त्यांनी जुलैत एकदा आणि जानेवारीत एकदा मुलांचं वाचन तपासलं. वाचणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, उपक्रम यशस्वी ठरला, अहवाल छापून झाला. त्यातली खोट तुम्ही शिक्षण परिषदेत फळ्यावर मांडलीत. पट ३०. जुलैत १२ मुलं उतारा वाचतात, म्हणजे ४० टक्के. दिवाळीच्या आगेमागे १० मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला, फडावर जातात, त्यांतली वाचणारी फक्त २. जानेवारीला वर्गात उरली २०, त्यांतली वाचणारी १०. झाले ५० टक्के! एकही मूल नवीन अक्षर शिकलेलं नाही आणि आकडा मात्र वर चढला. सगळं सभागृह गप्प झालं होतं. इतका साधा हिशेब आमच्यापुढे आजवर कुणी ठेवला नव्हता, आणि ज्यांनी ठेवायला हवा होता ते मोठमोठ्या संस्थांचे लोक होते.

तुम्ही जुलैतच प्रत्येक मुलाचा जनरल रजिस्टरचा क्रमांक टिपलात, कारण आधारवरचं नाव एक आणि घरात हाक मारायचं नाव दुसरंच. सोबत तोडणी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन, कारखान्याचं नाव आणि गावात मागे राहणाऱ्या आजीचं नाव. टोळी ऐनवेळी दुसऱ्या कारखान्याकडे वळवली जाते, मुकादम फोन उचलत नाही, तेव्हा पत्ता आजीकडूनच लागतो. मग तुमची माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोप्यांवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांवर पोहोचली. तोड भल्या पहाटे सुरू होते आणि संध्याकाळी कोपीत उजेड नसतो, म्हणून वेळ दुपारची ठेवलीत. कडेवर धाकटं भावंड घेतलेल्या मुलीला ते खाली ठेवायला न सांगता, तुमच्यातलं कुणीतरी त्याला सांभाळत बसायचं, असं पालकांनी परत आल्यावर सांगितलं. शोधूनही जी मुलं सापडली नाहीत, त्यांना तुम्ही यादीतून खोडलं नाहीत. ती सगळी वाचू शकत नाहीत असं धरलं तर निष्कर्ष कुठवर खाली येतो आणि सगळी वाचतात असं धरलं तर कुठवर वर जातो, ही दोन्ही टोकं तुम्ही छापलीत. अशी छपाई करायला धीर लागतो. एकच भरघोस आकडा जास्त मिरवता येतो.

मुंबई-वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमधल्या, मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवणाऱ्या ‘बालसखी’ ताईंच्या प्रयोगाबद्दल आम्ही ऐकून होतो. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले बॅनर्जी आणि डुफ्लो त्या अभ्यासात होते, हेही माहीत होतं. पण साहित्य आणि प्रशिक्षण आधी कुणाला द्यायचं यासाठी चिठ्ठ्या टाकून शाळा निवडायच्या म्हणजे आमच्यापैकी निम्म्यांवर अन्याय, अशी भीती होती. तुम्ही चिठ्ठ्या सगळ्या मुख्याध्यापकांसमोर काढल्यात. एकाच वर्गातली मुलं वाटली तर ती एकमेकांना शिकवतात आणि तुलनाच बिघडते, म्हणून आख्ख्या शाळेची चिठ्ठी, हेही तिथेच सांगितलंत. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांना पुढच्या वर्षी तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण द्यायचा शब्द होता. तो तुम्ही पाळलात.

तुमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना कसं शिकवलंत तेही पाहिलं. एकाच मुलाचं वाचन दोघांनी ऐकायचं, गुण वेगवेगळे लिहायचे, मग ताळा करायचा. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तरच शब्दांची पातळी. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर चूक धरायची नाही, कारण मूल अक्षर ओळखतं, बोली घरची आहे. मागे बसलेल्या मुलांनी ऐकून पाठ करू नये म्हणून प्रत्येकाला वेगळा संच. एका मुलाने पाचव्या शब्दाला अडखळून खाली पाहिलं तेव्हा तुमचा विद्यार्थी घाईने पान उलटायला गेला. तुम्ही त्याचा हात धरून थांबवलंत, आणि मुलाने तो शब्द वाचला.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट शेवटच्या अर्ध्या मिनिटाची. अशी चाचणी वरून खाली उतरते. उतारा येत नाही, मग शब्द. शब्द येत नाहीत, मग अक्षरं. फडावरून परतलेलं तिसरीतलं मूल प्रत्येक पायरीला हरत खाली येतं. आधीच्या लोकांनी वर्गासमोर मोठ्याने ‘प्रारंभिक’ म्हणत रकाना भरला होता. त्यातली काही मुलं पुढे शाळेत यायलाच लाजली. तुम्ही गुण लिहून झाल्यावर, वही मिटून, त्या मुलाला येत असलेलंच एक कार्ड पुन्हा पुढे करायचात. कधी ‘क’, कधी ‘म’, कधी नुसता १ ते ९ मधला आकडा. मूल मोठ्याने म्हणायचं, तुम्ही ‘बरोबर’ म्हणायचात आणि मगच ते उठायचं. त्याचा कुठे रकाना नव्हता, प्रबंधात एक ओळसुद्धा नसेल. तुम्हाला ते करायची काहीही गरज नव्हती, आणि तुम्ही ते एकाही मुलाच्या बाबतीत चुकवलं नाहीत. ज्याच्याकडून आपल्याला माहिती घ्यायची आहे त्याचा मान राखणं, ही सभ्यता पदवीबरोबर मिळत नाही. ती तुमच्यात आधीपासून होती आणि तुमच्या विद्यार्थ्यांमध्ये उतरलेली आम्ही पाहिली.

प्रबंध सादर करण्याआधी तुम्ही प्रत्येक शाळेला तिचा एक पानी निकाल मराठीत आणून दिलात, दुसऱ्या कुठल्याही शाळेचं नाव त्यात न घालता. आमच्या केंद्रात आता मूल फडावर निघण्याआधी त्याची वाचनाची पातळी आणि पुस्तकाचं शेवटचं शिकवलेलं पान, स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत दाखवायला दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डाच्या मागे लिहितो, म्हणजे तिकडच्या शाळेतल्या शिक्षकाला कुठून सुरुवात करायची ते कळतं. यंदाच्या याद्यांत आजीच्या नावाचा रकानाही घातला आहे. तोंडी परीक्षेची तारीख ठरली की कळवा.

आपला नम्र,
एक प्राथमिक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, बीड जिल्हा