जुन्या ग्राफिक्स कार्डांना पुन्हा कामाला लावणाऱ्या स्नेह्यांस

आदरणीय स्नेही,

सप्रेम नमस्कार वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही चालवीत असलेल्या टॉवेल-चादर डिझाइनच्या सायंवर्गातील संगणक आता सुरळीत चालू आहेत आणि त्याचे संपूर्ण श्रेय आपले आहे. नाव जाहीर करू नये अशी आपली अट असल्याने ते लिहीत नाही. मात्र काम नेमके कशामुळे अडले होते आणि आपण ते कसे मार्गी लावलेत, हे उघडपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण अशी जुनी कार्डे असलेले संगणक शाळांत, वाचनालयांत आणि यंत्रमाग कारखान्यांच्या ऑफिसांत आजही भरपूर आहेत.

देणगीत मिळालेल्या या संगणकांत एनव्हिडिया कंपनीची जीटी 610 ही ग्राफिक्स कार्डे (पडद्यावरचे चित्र तयार करणारे भाग) आहेत. कार्ड 2012 सालचे असले तरी त्यातली चिप 2010 च्या फर्मी पिढीची आहे, आणि त्या पिढीसाठी कंपनीने काढलेला शेवटचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) म्हणजे नोव्हेंबर 2022 मधला 390.157. आमच्याकडे लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि तिचे कर्नल (सिस्टीमचा मूळ भाग) 6.8, म्हणजे त्या ड्रायव्हरनंतरचे. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये या कार्डासाठी कंपनीचा ड्रायव्हर दिसतच नव्हता. नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर पडदा दाखवीत होता, पण फर्मी कार्डांचे घड्याळ (कामाचा वेग) तो वर चढवू शकत नसल्याने कार्ड संगणक सुरू होतानाच्या मंद गतीवरच राही. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये टॉवेलची घडी फिरवून पाहायची म्हटले की चित्र अडखळत सरकत असे, आणि किनारीचे डिझाइन प्रत्यक्ष कापडावर कसे पडेल हे मुलांना दाखवणे हाच तर आमच्या वर्गाचा मुख्य भाग आहे.

गड्ड्याच्या यात्रेसाठी पुण्याहून घरी आलेले असताना आपण आपल्या संध्याकाळी आम्हाला दिल्यात. मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे की, आपण कीबोर्डला हात लावण्याआधी सारे पर्याय समोर ठेवलेत. मिंट 21 वर परत गेल्यास 390 हा ड्रायव्हर तयार मिळेल आणि एप्रिल 2027 पर्यंत निर्धास्त राहता येईल, हे आपण आधीच सांगितलेत. पण आमच्या यूएसबी वायफाय डोंगलमधल्या रियलटेक चिपचा आधार कर्नलमध्ये 6.2 पासूनच आला असल्याने तो मार्ग आम्हाला सोयीचा नव्हता. बंद झालेल्या ड्रायव्हरला सुरक्षेच्या दुरुस्त्या यापुढे मिळणार नाहीत, म्हणून या संगणकांवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हेही आपण स्पष्ट बजावलेत. मदत करणाराच इतक्या मोकळेपणाने मर्यादा सांगतो, तेव्हा निर्णय घेणे फार सोपे जाते.

त्यानंतर आपण जे समजावून सांगितलेत, ते वर्गातली मुले अजून एकमेकांना सांगतात. कंपनीच्या ड्रायव्हरचा गाभा आधीच तयार करून बंद केलेला असतो, त्यात कोणालाही डोकावता येत नाही. परंतु तो गाभा कर्नलला जोडणारा थर उघड्या सोर्सच्या (वाचता येणाऱ्या मूळ कोडच्या) रूपात येतो आणि आपल्याच संगणकावर कंपाइल होतो, म्हणजे चालवता येईल अशा रूपात बांधला जातो. कर्नलच्या आतल्या जोडण्या कायम तशाच ठेवण्याचे बंधन लिनक्सचे विकासक मानत नाहीत, म्हणून दर काही महिन्यांनी एखादे फंक्शन (ठरलेले काम करणारा कोडचा तुकडा) बदलते आणि तो थर कंपाइल होईनासा होतो. मागावर नक्षी उठवणारी जकार्डची पेटी जशीच्या तशी राहिली, तरी माग बदलला की तिच्या दोऱ्या नव्याने बांधाव्या लागतात, असे आपण म्हणालात, आणि मागावर वाढलेल्या आमच्या मुलांना पुढे काही विचारावे लागले नाही.

एक प्रसंग मुद्दाम लिहितो. कंपाइल करताना पहिली अडचण आली ती ‘असाइनमेंट ऑफ रीड-ओन्ली मेंबर’ (फक्त वाचण्याच्या जागेत लिहिण्याचा प्रयत्न) या संदेशाची. आपण संदेश वर सरकू दिला नाहीत. त्याच्या डावीकडे फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो, हे एका विद्यार्थिनीला दाखवलेत, तिच्या घरची बोली तेलुगू म्हणून तेलुगूत समजावलेत, आणि ती फाइल तिच्याकडूनच उघडून घेतलीत. कर्नल 6.3 पासून व्हीएम-फ्लॅग्ज या मेमरीविषयीच्या खुणांमध्ये थेट लिहिता येत नाही, त्यासाठी व्हीएम-फ्लॅग्ज-सेट हे वेगळे फंक्शन वापरावे लागते. त्या ओळीतला बदल तिने स्वतः टाइप केला. 6.4 मध्ये क्लास-क्रिएट या फंक्शनचा एक आर्ग्युमेंट (त्याला द्यावी लागणारी माहिती) गेला, 6.5 मध्ये गेट-यूजर-पेजेसचा एक गेला, अशा पुढच्या दुरुस्त्या आर्च लिनक्स आणि डेबियन या लिनक्सच्या इतर प्रकारांच्या स्वयंसेवकांनी करून ठेवलेल्या होत्या. त्याही आपण डोळे झाकून लावल्या नाहीत. प्रत्येक पॅच (दुरुस्तीचा तुकडा) वाचून, तो कशासाठी आहे हे सांगून मगच लावलात. त्या अनोळखी स्वयंसेवकांचेही आभार या पत्रातूनच मानतो.

बाकीचे काम लवकर झाले. आधी टाइमशिफ्टने सिस्टीमचा स्नॅपशॉट (परत जाता येईल अशी प्रत) घेतला, नूव्हो ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे सुरू होण्यापासून रोखून, इनिट-रॅम-एफएस (संगणक सुरू होताना लागणारा फाइलींचा संच) नव्याने बांधले, ड्रायव्हर डीकेएमएस या ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या साधनात नोंदवला, म्हणजे कर्नलचे किरकोळ अपडेट आले की तो आपोआप पुन्हा कंपाइल व्हावा. पडदा काळा झाल्यास कंट्रोल, आल्ट आणि एफ3 दाबून काय करायचे, हे आपण वर्गाच्या वहीत मराठीत लिहून ठेवलेत, आणि 6.8 च्या मालिकेवरच राहा, अपडेट मॅनेजर नवी मालिका सुचवील तेव्हा घेऊ नका, ही सूचना त्याखाली अधोरेखित केलीत.

ती वही कामी आली आहे. आपण गेल्यानंतर कर्नलचे अपडेट आले, तेव्हा एका संगणकावर हेडर्सचे पॅकेज (कंपाइल करताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) उतरले नव्हते आणि ड्रायव्हर कंपाइल झाला नाही. त्याच विद्यार्थिनीने डीकेएमएसची नोंद वाचली, हेडर्स बसवले, ड्रायव्हरचे मॉड्यूल पुन्हा बांधले आणि पुढच्या तासाला तो संगणक इतरांसोबत सुरू होता. तिच्या वडिलांच्या कारखान्यातल्या ऑफिसात असेच एक जुने कार्ड आहे. तेही आता तिला पाहायचे आहे.

पुढच्या गड्ड्याला याल तेव्हा वर्गात जरूर यावे. मुलांनी ब्लेंडरमध्ये उभे केलेले टॉवेलचे नमुने आपल्याला दाखवायचे आहेत, आणि बंद गाभा एक दिवस कर्नलच्या बदलांपुढे अजिबातच टिकेनासा झाला तर नूव्होवर किती काम भागवता येईल, याबद्दलही आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
संयोजक, डिझाइन सायंवर्ग
पूर्व भाग, सोलापूर