शिरोड्याच्या काकींना, पोतंभर भुशाबद्दल

काकी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला पोतंभर काथ्याचा भुसा दिलात, पैसे घेतले नाहीत, आणि वर हसलात. त्याला आता दोन पावसाळे झाले. तोंडावर आभार मानायला गेलो तर तुम्ही चहाचा विषय काढून उडवून लावता, म्हणून चारचौघांत लिहितोय. माझ्यासारखे मांसाहारी झाडांच्या नादी लागलेले आणखी कोणी असतील, त्यांनाही वाचता येईल.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझी तीन दवबिंदूची (पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारी) आणि एक घटपर्णीची (सुरईसारख्या पानात किडे बुडवणारी) कुंडी मेली होती. पानांची टोकं काळी पडायची, दवबिंदूच्या केसांवरचा चिकट थेंब नाहीसा व्हायचा, आठवडाभरात खेळ खलास. पुस्तकी सल्ला एकच, पीट वापरा. पीट म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत शेवाळ अर्धवट कुजून साचलेला थर. तो वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो, म्हणजे मीटरभर साठायला हजारेक वर्षं. जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडाझुडपांत मिळून नाही इतका कार्बन जगभरच्या अशा दलदलींनी जमिनीच्या तीन टक्के भागात धरून ठेवलाय. माझ्या कुंडीतल्या चार पानांसाठी तो तिकडून खणून बोटीतून आणायचा, हे मनाला पटेना. म्हणून बाजारातली कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या (बाहेरच्या तंतुमय सालीच्या) भुशाची, दाबलेली वीट आणून भिजवली नि झाडं लावली. झाडं मेली तशी मी समजलो की पीटला पर्याय नाही.

तुमच्या अंगणात ही रडकथा सांगत होतो, तुम्ही सुंभ वळत होतात. हात न थांबवता म्हणालात, ‘झिला, म्हयनोन्‌म्हयने खाडयेत कुजत पडलेला सोडण ह्या. ह्येच्यात मीठ नसतला तर काय साखर असतली? जिभेर ठेवन बघ.’

ठेवलं. खारट! 1930 साली मिठाच्या सत्याग्रहासाठी जिथे लोक जमले त्या शिरोड्यात येऊन मला मीठ ओळखता आलं नाही, हे तुम्ही अजून पाहुण्यांना सांगता. सांगा, माझी हरकत नाही.

तिथून पुढचा उलगडा मी घरी केला. सोडण गोड्या पाण्यात कुजवलं तरी त्यात पोटॅशियम असतंच, खाडीत कुजवलं की सोडियमची भर. गुलाबाला, मिरचीला ते चालून जातं. दवबिंदूची मुळं मात्र अशा मातीतली, जिथे काहीच नसतं. खायला मिळत नाही म्हणून तर बिचारी किडे धरते. तिच्या मुळांना खार सोसत नाही नि खतही सोसत नाही. (आमच्या शेजाऱ्यांनी मायेने एका कुंडीत शेणखत घातलं होतं. तीही गेली.)

आणि हे मला आधीच दिसायला हवं होतं, काकी. श्रावणात आपल्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर), कातळावरच्या बोटभर ओल्या मातीत दवबिंदू लाल होऊन पसरलेली असते, शेजारी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. तिथे कुठे पीट असतं? जांभ्यातलं विरघळण्याजोगं जवळजवळ सगळं पावसाने युगानुयुगं धुऊन नेलेलं. पीट चालतं तेही त्यात काही नसतं म्हणून, शिवाय ते आंबट असतं आणि पाणी धरून ठेवतं. मी मात्र पीटच्या नावामागे लागलो होतो. (सड्यावरचं एकही रोप उपटलेलं नाही, शपथेवर सांगतो. माझी सगळी रोपवाटिकेतली.)

तुम्ही दिलेला भुसा तुमच्या मांगराच्या कोपऱ्यात चार पावसाळे भिजलेला, जुना. तरीही मी धुतला. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत आतून जुनी साडी लावून भुसा भरला आणि पागोळ्यांखाली टांगला. मृगाचा पहिला पाऊस वाया जाऊ दिला, कारण समुद्राकाठच्या कौलांवर उन्हाळाभर खार बसलेला असतो. मग आषाढभर पिशवी भिजत राहिली. मधून मधून बादलीत दोन दिवस बुडवून ठेवायची, पिळायची, पुन्हा टांगायची. कारण सगळं मीठ एका धुण्यात सुटत नाही, थोडं भुशाला चिकटून असतं नि सावकाश बाहेर येतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनासारखं टीडीएस मीटर घेतलं होतं. विटेच्या कोकोपीटचं पहिलं पाणी 900 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत इतके भाग क्षार) वर गेलं होतं, तुमच्या भुशाचं आषाढ सरता सरता 40 वर आलं. या झाडांना 50 च्या आत असलेलं बरं. पाणी शेवटपर्यंत चहासारखं तांबूस होतं. मी घाबरलो, तुम्ही फोनवर म्हणालात, ‘रंग म्हणजे मीठ न्हय.’ खरंच, तो सोडणाचा तुरटपणा. रंग जाईपर्यंत धुत बसायचं काही कारण नाही.

वाळूत मात्र मी स्वतःच्या अकलेने माती खाल्ली. दोन भाग भुसा नि एक भाग वाळू असं ठरवलं आणि पुळणीवरची वाळू आणली. मीठ धुतलं, पण शिंपल्यांचा चुरा कुठे जातो? व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे आले. तो चुना, मातीचा आंबटपणा मारणारा. मग नदीची वाळू आणली, तिच्यावर व्हिनेगर गप्प बसलं. घटपर्णीला भुसा नकोच, तो दाबून बसतो नि मुळं गुदमरतात. तिला सोडणाचे बोटभर तुकडे, लाकडी कोळसा आणि थोडं परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे). ती पाण्यात उभी ठेवत नाही. दवबिंदूची कुंडी मात्र कायम थाळीतल्या पाण्यात. भुसाही कुजतोच, म्हणून दर मृगाला बदलतो.

व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानाचा जबडा मिटून किडे धरणारं झाड, अजून जमलेलं नाही. त्याला हिवाळ्याची झोप लागते आणि आपल्याकडे थंडी पाहुण्यासारखी येऊन जाते. त्याचा दोष भुशाला देणार नाही.

परवा तुम्ही विचारलंत, ‘ता झाड डास खाता काय?’ चिलटं खातं, डास क्वचित. तरी एक कुंडी तुमच्यासाठी वाढवली आहे, येत्या रविवारी घेऊन येतो. ओट्यावर ठेवा, सकाळचं ऊन लागेल अशी. फक्त तुमच्या विहिरीचं पाणी घालू नका, मार्चनंतर ते मचूळ होतं हे तुम्हीच सांगितलंय. पावसाच्या पाण्याचे दोन कॅन सोबत आणतोय. रिकामे झाले की कळवा.

तुमचा,
सोडणवाला झील