आपली वही आणि १९७७ची यादी

प्रिय अव्या,

मी बरा आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी काही नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस आणि हे मला नीट सांगायचंय. घरात कुणाला सांगू? हिला बॉक्सिंगमधले जो फ्रेझियर आणि केन नॉर्टन दोघेही सारखेच.

रद्दीवाल्याकडून ‘द रिंग’ या बॉक्सिंगच्या मासिकाचे जुने अंक आणून आपण वहीत पहिले दहा हेवीवेट बॉक्सर उतरवून घ्यायचो ना? १९७७ साली त्या मासिकाच्या क्रमवारीत भेसळ झाली होती रे! परवा सगळं सविस्तर वाचलं. लढती भरवणाऱ्या डॉन किंगने एबीसी या अमेरिकन वाहिनीसाठी अमेरिकन बॉक्सरांची मोठी स्पर्धा भरवली. कुणाला घ्यायचं ते ‘द रिंग’च्या क्रमवारीवरून ठरणार होतं. मग क्रमवारीच वाकवली. ह्यूस्टनचा एक पोलीस बॉक्सर वर्षभर रिंगमध्ये उतरलाच नव्हता, तर त्याच्या नावावर मेक्सिकोतले विजय चढवले. न झालेल्या लढतींचे विजय! अनापोलिसच्या लढतीत जॉनी बूद्रोकडून स्कॉट लेडू हरल्याचा निकाल दिला, तेव्हा लेडूने चालू मुलाखतीत बूद्रोवर लाथ उगारली आणि त्या झटापटीत एबीसीचा समालोचक हॉवर्ड कोसेल याचा टोप उडाला. इथे तू खो खो हसणार, मला माहीत आहे. एप्रिलमध्ये एबीसीने स्पर्धाच गुंडाळली.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो जिमी यंग. हा तमाशा चालू होता त्याच मार्चमध्ये, १७ तारखेला, सान हुआनला त्याने माजी जगज्जेत्या जॉर्ज फोरमनला हरवलं. ती लढत मी आता पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. सातव्या राउंडला फोरमनचा ठोसा बसला आणि यंगचे पाय गेले. आता संपला, असं मला वाटलं. गडी फोरमनला मिठी मारून, वाकून, सरकून तेवढा राउंड काढतो. आणि बाराव्यात तोच फोरमनला खाली बसवतो! त्यानंतर फोरमनने दहा वर्षं ग्लव्हज घातले नाहीत, देवाधर्माकडे वळला. इकडे न झालेल्या लढतींना मान आणि तिकडे या माणसाने घाम गाळून मिळवलेल्या विजयाचं काय झालं?

आता तुझ्या लाइलकडे येतो. चिडू नकोस. रॉन लाइल तुरुंगात बॉक्सिंग शिकला, फोरमनला त्याने चौथ्या राउंडमध्ये दोनदा पाडलं, हे सगळं मला मान्य आहे. त्या राउंडमध्ये तो स्वतःही पडला आणि पाचव्यात संपला, तरी तसा राउंड मी दुसरा पाहिला नाही. पण फेब्रुवारी १९७५मध्ये यंगने त्याला होनोलुलूला हरवलं. आणि मे महिन्यात अलीशी विजेतेपदाची लढत कुणाला मिळाली? लाइलला! जिंकणारा यंग पुढच्या एप्रिलपर्यंत थांबला. १९७६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्याने लाइलला पुन्हा हरवलं. तरी तुझ्या अक्षरात आपल्या वहीत लाइल वर आणि यंग खाली! ‘दोरांबाहेर डोकं काढतो तो कसला दावेदार,’ हे तुझं वाक्य मी विसरलेलो नाही. त्या एप्रिलच्या लढतीत अलीपुढे लँडओव्हरला मार चुकवायला त्याने डोकं दोरांबाहेर काढलं हे खरं. पण त्या रात्री अली किती वेळा हवेत ठोसे मारत होता ते एकदा बघ.

आणि सगळ्यात वाईट पुढेच आहे. नोव्हेंबर १९७७मध्ये नॉर्टनशी पंधरा राउंड झाले, पंचांत एकमत नव्हतं, निकाल नॉर्टनकडे. पुढच्या वर्षी अलीला हरवून विजेता झालेल्या लिऑन स्पिंक्सने नॉर्टनला टाळून अलीशीच परतीची लढत घेतली, तेव्हा विजेतेपद देणाऱ्या डब्ल्यूबीसी या संघटनेने त्या एका विजयाच्या जोरावर नॉर्टनला विजेता ठरवलं. म्हणजे एका पंचाचं मत फिरलं असतं तर तो पट्टा यंगचा होता. २००५ साली तो गेला, वय अवघं ५६. आपल्या पेपरात एक ओळ तरी आली होती का?

बॉक्सर जेरी क्वारीचं तर बोलवत नाही. लाइल आणि जबर ठोशाचा अर्नी शेव्हर्स या दोघांनाही हरवणारा माणूस, शेवटी शेवटी कपडे घालायलाही त्याला दुसरं माणूस लागे. ५३व्या वर्षी गेला. ठोशांनी मेंदू खाल्ला. आपण त्याच्या नावापुढे आकडे लिहीत होतो.

म्हणून मी ठरवलंय, यादी नव्याने करायची. मासिकाचा आकडा बघायचा नाही, कोण कुणाकडून कधी हरला एवढंच धरायचं. १९७३ ते १९७८. शेव्हर्सच्या नुसत्या ठोशाला वेगळे गुण नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

सोनूचं ठरल्याचं वहिनींकडून कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव. प्लॅस्टर निघालं असेल ना? आणि गावचा तो प्लॉट घाईने विकू नकोस, आधी माझ्याशी बोल.

तुझी दहा नावं लिहून पाठव. लाइलला यंगच्या वर ठेवलंस तर सोबत कारण पाहिजे.

तुझा,
विजू