शंभरपर्यंत म्हणणं आणि पाच मोजणं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या पालकांच्या पानावर शाळाप्रवेशाच्या तयारीची यादी वाचली. चार वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत अंक म्हणता आणि वीसपर्यंत लिहिता यायला हवेत, असं त्यात होतं. मी २३ वर्षं बालवाडीत शिकवते आहे. अशी यादी हातात घेऊन, काळजीने चेहरा उतरलेले पालक दर वर्षी माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे मी मण्यांची वाटी ठेवते आणि म्हणते, "मला पाच मणी दे." बरीच मुलं मूठ भरून देतात. मोजायला सांगितलं तर एकेका मण्याला बोट लावून नीट मोजतात, पण "मग किती झाले?" विचारलं की पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्या मण्यांची संख्या, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास मुलांना असंच 'इतके दे' सांगून पाहिलं होतं. मुलाला आधी फक्त 'एक'चा अर्थ कळतो, काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा, आणि त्यानंतर कधीतरी मोजणी कशासाठी असते ते लख्ख कळतं. यात सहज वर्ष जातं. पाठांतराने ते लवकर आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आमच्या अंगणात झोका एकच आहे. दहा झोके झाले की उतरायचं, हा नियम मुलांनीच केला. रांगेतली मुलं मोठ्याने मोजतात, आणि इतकी काटेकोर मोजणी मला कुठल्या वहीत दिसलेली नाही. झोक्यावरच्याने "पाच, पाच" असं दोनदा म्हटलं की रांगेत गलका होतो. रांगेतल्या कुणी सहा गाळून सात म्हटलं की वरचा ओरडतो, "माझा सहा राहिला!" अंकांचा क्रम ठरलेला, आणि एका वस्तूला एकच अंक: रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीची जी पाच तत्त्वं मांडली, त्यांतली ही दोन. आमची मुलं ती पाळतात, कारण त्यावर कुणाचा तरी हक्काचा झोका अवलंबून असतो.

कोणती गोष्ट ऐकायची यावर आमच्याकडे रोज मतदान होतं. आपल्या आवडत्या गोष्टीच्या मनोऱ्यावर प्रत्येकाने एक ठोकळा ठेवायचा. एकदा कोल्ह्याच्या गोष्टीवाल्यांच्या हाती मोठे ठोकळे आले, हत्तीवाल्यांच्या हाती छोटे. कोल्ह्याचा मनोरा उंच झाला आणि ती मुलं नाचायला लागली. हत्तीच्या बाजूची एक पाच वर्षांची मुलगी मात्र दोन्ही मनोऱ्यांकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "पण आम्ही जास्त जण आहोत." कुणी ऐकेना. मी मध्ये पडले नाही, पडावंसं फार वाटत होतं. तिने दोन्ही मनोरे पाडले आणि जोड्या लावायला घेतल्या, एक मोठा, एक छोटा. शेवटी दोन छोटे उरले. नाचणारी मुलं आता वाकून बघत होती. सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. चार वर्षांचा एक मुलगा "आमचाच उंच होता" म्हणत राहिला, आणि त्या वयात ते स्वाभाविकच आहे. पण पुढच्या मतदानाला ठोकळे एकाच मापाचे घ्यायचे, हे मुलांनी आपसात ठरवलं. संख्या आणि उंची यांतला फरक मी फळ्यावर कधीच इतका चांगला शिकवू शकले नसते.

इथे एक जुना प्रयोग सांगायलाच हवा. ज्याँ पियाजे यांनी दाखवलं होतं की समोरासमोरच्या दोन सारख्या रांगांपैकी एक रांग मोठ्या माणसाने पसरून लांब केली, तर लहान मुलं त्या रांगेत जास्त वस्तू आहेत असं म्हणतात. १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग थोडा बदलला. रांग बिघडवली ती एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीने. आता कितीतरी जास्त मुलांनी संख्या तेवढीच असल्याचं सांगितलं. मोठ्या माणसाने काहीतरी बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं, आपलं उत्तरही बदलायला हवं. मूल आकड्यांबरोबर माणसंही वाचत असतं. "नीट बघ बरं, किती?" असं दरडावून विचारणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

शंभरच्या हट्टाबद्दल आणखी एक. आपल्या भाषेतली अंकांची नावं अवघड आहेत. 'अकरा', 'बारा' यांत दहा ऐकूच येत नाही. 'त्रेपन्न'मध्ये तीन आधी ऐकू येतो आणि लिहायचा मात्र पाच आधी. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक कमी, पण 'नव्याण्णव' तसं नाही. अठ्ठावीसनंतर मूल "नववीस" म्हणालं तर त्याला नियम सापडला आहे. त्याला चूक म्हणून खोडू नका, कौतुक करा आणि मग 'एकोणतीस' सांगा.

एका वडिलांनी मला विचारलं होतं, "बाई, इथे नुसता खेळच असतो का?" मी त्यांना एक तास वर्गात बसायची विनंती केली. त्या दिवशी वीसपैकी तीन मुलं आली नव्हती. बसकरं मांडणाऱ्या त्यांच्या लेकीने सवयीने सगळी मांडली, उरलेल्या तीन बसकरांशी थांबली आणि न येणाऱ्यांची नावं एकेक घेत ती उचलून ठेवली. वजाबाकीच होती ती, आणि मैत्रिणींची आठवणही. त्यानंतर ते आठवड्यातून एकदा मुलांबरोबर पट खेळायला येऊ लागले.

त्या पटावरूनच आपल्याकडे एक मागणं आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा अंकांची घरं एका ओळीत असलेला पट खेळायला दिला होता. दोन आठवड्यांत जेमतेम पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका. मुलांची अंकांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनीही टिकून होती. ज्यांच्या पटावर अंकांऐवजी नुसते रंग होते, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. खेळताना सोंगटी तीनवरून दोन घरं पुढे नेली तर "चार, पाच" म्हणायचं, "एक, दोन" नाही, एवढंच मोठ्यांनी सांभाळायचं.

तर पुढच्या पुरवणीत त्या यादीच्या जागी असा एक पट छापावा, कापून पुठ्ठ्यावर चिकटवता येईल एवढा मोठा. घरं दहाच असावीत.

आपली विश्वासू,
एक बालवाडी शिक्षिका