वाळूवरच्या त्या वर्तुळासाठी आभार

काल ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर दगड-शिंपल्यांचं मोठं वर्तुळ मांडताना जे जे मदतीला आले, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं विचारायची राहूनच गेली. ओहोटी ते भरती म्हणजे जेमतेम 6 तास, तुम्ही नसता तर निम्मंही झालं नसतं.

लाल फ्रॉकमधली छोटी, तुझे आधी! प्रत्येक गोटा पाण्यात बुडवून, ओला झाल्यावर दिसणारा त्याचा खरा रंग बघून तू काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रांग लावलीस. मला हे सुचलंच नव्हतं.

आणि त्या काकू. मी उचललेला शंख हातात घेऊन त्यांनी उलटा करून दाखवला, तर आत इवल्या नांग्या! रिकाम्या शंखात संन्यासी खेकडे घर करतात, हे माहीत असूनही घाईत मी बघितलं नव्हतं. मग त्यांनी आमचे सगळे शंख तपासले आणि राहते शंख जिथले तिथे ठेवून आल्या.

ओंडके ओढणारी मुलं, वळसा घालून धावणारे, कुत्र्याला आवरणारे दादा, तुमचेही आभार.

संध्याकाळी बाहेरची फेरी आधी गेली. मधला पांढरा गोटा बराच वेळ दिसत होता.