अंथरूण दिसले की दंड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड ठोठावा, आपोआप वळण लागेल, असा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. तो पटणाऱ्यांनी अमेरिकेतल्या ग्रँट्स पास या गावाची हकिगत जरूर वाचावी. ऑरेगन राज्यातले सुमारे 38 हजार वस्तीचे हे गाव. सार्वजनिक बागेत पांघरूण घेऊन आडवे झालात की 2024 पर्यंतच्या तिथल्या नियमाने ते ‘कॅम्पिंग’, म्हणजे तळ ठोकणे, ठरत असे. दंड होता 295 डॉलर. वेळेत भरला नाही तर 537. वारंवार सापडलात तर बागेत यायला बंदी, आणि ती मोडली तर 30 दिवसांपर्यंत कैद. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण हाच पुरावा!

या नियमांविरुद्ध बेघरांनी खटला केला; 28 जून 2024 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी गावाच्या बाजूने कौल दिला. शिक्षा बेघर असण्याला नाही, कृतीला आहे. सुट्टीवर आलेल्या भटक्यालाही नियम तोच, असे बहुमताचे म्हणणे. कागदावर चोख आहे. पण सुट्टी संपली की तो भटक्या घरी जातो. न्या. सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात साधीच गोष्ट लिहिली: झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नव्हे.

बागेत मुलांना नेता येत नाही, दुकानासमोर घाण होते, या तक्रारी खोट्या नाहीत. मीही त्या केल्या असत्या. पण घाण करणे, वाट अडवणे यांना वेगळे नियम करता येतात. ग्रँट्स पासमध्ये हेतूच निराळा होता. 2013 मध्ये नगर परिषदेच्या अध्यक्षांनी बैठकीत स्पष्टच सांगितले होते की, या लोकांना इथे राहणे इतके नकोसे करायचे की ते पुढच्या रस्त्याला लागतील. पुढच्या गावानेही हाच कायदा केला तर? निकालानंतर अनेक शहरांनी तेच केले.

आणि दंड भरायचा कशातून? न भरलेला दंड थकबाकी म्हणून नावावर चढतो आणि अशा माणसाला घरमालक सहसा खोली देत नाही. म्हणजे ज्याने रस्त्यावरून उठावे म्हणून दंड, तो त्या दंडामुळेच तिथे अडकतो. या खटल्यातल्या मूळ याचिकाकर्तीच्या नावावर पाच हजार डॉलरच्या आसपास दंड साचला होता. अंतिम निकाल लागण्याआधीच ती वारली.

आपला,
एक वाचक